रोबो राहू द्या, दांडीचं बोला

ठाण्याला आले की एक प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्या जपानात म्हणे म्हाताऱ्यांना रोबो सांभाळतात?" नौपाड्यातल्या काकू विचारतात, तलावपाळीवर बाबांसोबत फिरणारी मंडळी विचारतात. तोक्योत निशी-कसाईला राहते मी, पण माणसाला उचलून खुर्चीत बसवणारा रोबो अजून टीव्हीवरच पाहिलाय. पारो नावाचं सीलच्या पिल्लासारखं गुबगुबीत यंत्र स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मांडीवर देतात, हे खरं. पण घरोघरी जे आहे ते पाहून काकूंचा हिरमोडच होईल.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचं घर घ्या. संडासात भिंतीला दांडी, दारातल्या पायरीपाशी धरायला खांब, न्हाणीत उंच स्टूल, आणि बटणावर वरखाली होणारा पलंग. पलंग भाड्याचा, स्टूल मात्र विकतचं, कारण जे थेट अंगाला लागतं ते दुसऱ्याचं वापरलेलं देत नाहीत. मला हा नियम फार आवडला.

यामागे सरकारी शुश्रूषा विमा आहे, एप्रिल 2000 पासूनचा. चाळिशीपासून सगळ्यांचा हप्ता जातो, आम्हा परदेशी रहिवाशांचाही. माझ्या पगारातून कापला जायला लागला, तेव्हा कुठे मी नीट वाचलं. अर्ज केला की स्थानिक पालिकेचा माणूस घरी येऊन बघतो, आणि किती मदत लागते त्याच्या सात पायऱ्यांपैकी एक ठरते. मग खर्चाचा दहावा हिस्सा आपला. उत्पन्न जास्त असेल तर दहातले दोन किंवा तीन हिस्से. दांड्या बसवणं, पायरी काढणं, दार सरकतं करणं यासाठी दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरतात, म्हणजे साधारण लाखभर रुपये. सगळं गोड नाही. खालच्या पायरीवर असणाऱ्याला पलंग सहसा मिळतच नाही. आजींनाही आधी नाकारला होता, आणि त्यावर त्या अजून चिडतात.

पण खरी गंमत वस्तूंत नाही, वस्तू घेऊन येणाऱ्या माणसात आहे. त्याने आजींना संडासात चक्क उठून-बसून दाखवायला लावलं. कोणत्या हाताने जोर देता? रात्री दिवा लावता का? मग पट्टी लावून भिंतीवर खूण केली. पुढे गुडघा जास्त दुखायला लागला तेव्हा काठी परत नेली आणि वॉकर आणून दिला.

आपल्याकडे भाड्याची कल्पना नवी नाही. ठाण्यात, डोंबिवलीत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. अनामत भरा, पलंग, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची घेऊन जा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी 3000 रुपये थेट खात्यात मिळतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून चालू आहे. वस्तू मिळते हो. ती बसवून, मापून द्यायला कोणी येत नाही.

आईची काठी बघा. नातेवाइकांनी दिलेली, चांगली महागाची, आणि चार बोटं उंच. ती धरली की तिचा खांदा कानाला लागायचा. माप सोपं आहे: घरात ज्या चपला घालते त्या घालून सरळ उभं राहायचं, हात मोकळे सोडायचे, मनगटाच्या घडीला मूठ आली पाहिजे. खालचं रबर गुळगुळीत झालं तर बदलायचं, ते किरकोळ पैशांत मिळतं. न्हाणीत व्हॅक्यूमने चिकटणारी हँडल मात्र लावू नका. टाइल ओली झाली की ती कधी सुटतील सांगता येत नाही. ड्रिल मारून, विटेच्या भिंतीत बोल्टने बसवलेली स्टीलची दांडीच हवी. आमच्या चरईतल्या प्लंबरने ती बसवली. "टॉवेलला ना ताई?" असं विचारून त्याने आधी खांद्याच्याही वर खूण केली होती. आईला कमोडवर बसवून उठवलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

आता बाबांना "पाळतीची किटली" हवी आहे. ती खरी आहे. झोजिरुशी कंपनीने 2001 मध्ये आणली: पाणी घेतलं की दूर राहणाऱ्या मुलांना निरोप जातो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही चहा नाही केलात तर आई मला फोन करतेच.

तीन मजल्यांच्या जिन्याला मात्र काठी, दांडी, किटली कशाचाच उपयोग नाही. आमची इमारत पुनर्विकासाला जातेय, आणि सोसायटीच्या बैठकीत चर्चा सगळी कार्पेट एरिया आणि पार्किंगची. म्हणून या खेपेला सेक्रेटरींना लेखी तीन मागण्या देऊन आले: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको, लिफ्टमध्ये व्हीलचेअर आणि ढकलणारा माणूस दोघं मावले पाहिजेत, आणि संडास-न्हाणीचं दार 900 मिलिमीटर रुंद, तेही बाहेर उघडणारं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडणार नाही. तुमचीही इमारत जात असेल तर प्लॅनवर सही करायच्या आधीच हे मागा.