ग्लेनमॉर्गनचं मायल पार्क

ब्रिस्बेनहून पश्चिमेला निघून टूवूम्बाचा घाट चढला की जमीन सपाट होते, आणि मग कित्येक तास सपाटच राहते. डाल्बीच्या आसपास कापूस-ज्वारीची शेतं, पुढे कुरणं. साधारण चारशे किलोमीटरवर ग्लेनमॉर्गन येतं. मोजकी घरं, रुंद मोकळा रस्ता आणि इथवर येऊन संपलेला रेल्वेचा फाटा. इतक्या आडगावी वनस्पती उद्यान का असावं, हे मला बघायचंच होतं.

डेव्हिड गॉर्डन हे इथले मेंढ्या पाळणारे जमीनदार. १९४१ साली त्यांनी आपल्या मायल पार्क या जमिनीवर ऑस्ट्रेलियातलीच झाडं लावायला घेतली. बाकी सगळीकडे रान साफ करण्याची घाई होती. या पट्ट्यातली ब्रिगॅलो बाभळीची वनं तर नव्वद टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली. अशा मुलखात हा माणूस कोरड्या प्रदेशांतली ग्रेव्हिलिया, एरेमोफिला, हाकिया अशी झुडपं जमवत राहिला. मला हे धाडसच वाटतं.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती एका लाल फुलांच्या, कमरेएवढ्या झुडपापाशी. ‘रॉबिन गॉर्डन’ ग्रेव्हिलिया. आपल्याला माहीत असलेल्या सिल्व्हर ओकच्याच कुळातली. हिच्या पालकांपैकी एक जात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याकडची, दुसरी पार पर्थजवळच्या डोंगरांतली. मधे अख्खा खंड! रानात त्यांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. ती या बागेत पडली आणि संकराचं रोप उगवलं. त्याला गॉर्डन दांपत्याच्या थोरल्या मुलीचं नाव मिळालं. रॉबिन कोवळ्या वयातच गेली. झुडूप मात्र जवळजवळ बारा महिने फुलतं. बी पेरून हुबेहूब तेच झाड मिळत नाही, म्हणून ते छाटकलमांनी वाढवतात. त्यामुळे देशभरातल्या अंगणांत दिसणारी ‘रॉबिन गॉर्डन’ ही सगळी या गावातल्या एकाच रोपाची वाढ आहे. हे कळल्यावर मी त्या झुडपाकडे नव्याने पाहिलं. (पानांना हात लावताना जपा, काहींच्या त्वचेला पुरळ येतं.)

डेव्हिड यांच्या पत्नी डोरोथी गॉर्डन वनस्पतींची चित्रं काढत. तीही इथे बघायला मिळतात.

आज ही बाग स्वयंसेवक सांभाळतात. एक आजी गुडघ्यांवर बसून गवत उपटत होत्या. मी विचारलं, सगळ्यात अवघड काम कोणतं? मला वाटलं, पाणी म्हणतील. त्या म्हणाल्या, “नोंदी. हे झाड कोणत्या भागातल्या बियांपासून आलं, ते लिहून ठेवलं नाही तर पुढच्यांना त्याचा अर्धाच उपयोग.” मला ते मनापासून पटलं. मूळ जागचं रान तुटलं, तर तिथला वाण नेमका कुठे उरला आहे हे त्या नोंदीवरूनच कळणार. फुलं बघायला सगळेच येतात. वही लिहायला बसणारी माणसं फार थोडी, आणि अशी बाग त्यांच्याच जिवावर टिकते.

जायचं तर तिथला हिवाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा. पहाटे कडाक्याची थंडी असते, पण दुपारी निवांत हिंडता येतं आणि फुलांवर मध खाणारे पक्षी भरपूर दिसतात. इंधन आणि पाणी वाटेतल्या मोठ्या गावातच भरून घ्या. हाताशी वेळ असेल तर स्वयंसेवकांना विचारा. तण उपटायला त्यांना माणसं हवीच असतात.