दोन इंच पुरले: तीन दिवसांची खडकाळ वाट आणि लिफ्ट किटची निवड

दुसऱ्या दिवशी दुपारी खडकाच्या एका पायरीवर माझी गाडी अडली. बंपर मोकळा होता, चेसिसही मोकळी होती, दगडावर बसला होता तो मागच्या डिफरन्शिअलचा (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा. सस्पेन्शन दोन इंच उचललेलं असूनही. लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या सस्पेन्शनच्या भागांचा संच, घ्यायच्या विचारात असाल तर आधी गाडीखाली वाकून हा गोळा बघा. अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तिथे लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जाते, एक्सल होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तेही निम्म्याने. 31 इंची टायर काढून 33 इंची बसवला की गोळ्याखाली एक इंच मिळतो.

आम्ही तीन गाड्या घेऊन निघालो होतो. पहिला दिवस कच्च्या, लहरी पडलेल्या रस्त्याचा, दुसरा खडक आणि खोल चाकोऱ्यांचा, तिसरा नदीपात्राचा. माझ्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं), मागे अखंड एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. दुसरी अशीच, पण पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर चकत्या घालून तीन इंच उचललेली. तिसरी दोन्हीकडे अखंड एक्सल आणि कॉइल स्प्रिंगची, चार इंच वर. तिघांनी उंची वाढवायच्या तीन वेगळ्या पद्धती निवडलेल्या, त्यामुळे एकाच वाटेवर तुलना आपोआप झाली.

किट निवडताना मी इंचांपासून सुरुवात केली नाही, वजनापासून केली. पुढचा लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), मागे 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो, जादा टाकीतलं 60 लिटर डिझेल म्हणजे जवळपास 50 किलो, शिवाय हत्यारं, तंबू, दोन माणसं. यातलं रोज गाडीवर काय असतं आणि फक्त प्रवासापुरतं काय चढतं, हे वेगळं लिहून काढलं. स्प्रिंगचा कडकपणा रोजच्या वजनावरून ठरवायचा. जड वजनाची स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर गाडी हव्यापेक्षा जास्त उचलली जाते आणि प्रत्येक खड्ड्यात उसळते. हलकी स्प्रिंग भरल्या गाडीखाली बसते, मग विकत घेतलेली उंची उरतच नाही. मी पुढे आणि मागे मध्यम वजनाच्या स्प्रिंगा घेतल्या.

मोजमाप मात्र स्वतः करा. चाकाच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायचा, चारही चाकांचं माप लिहून ठेवायचं, आधी रिकाम्या गाडीचं, मग भरलेल्या गाडीचं. जमिनीपासून मोजलं तर टायरमधल्या हवेप्रमाणे आकडा बदलतो.

पहिल्या दिवशीच्या लहरी रस्त्याने शॉकअ‍ॅब्सॉर्बरची परीक्षा घेतली. तासाभराने थांबलो तेव्हा चकत्यांवरच्या गाडीचे मूळचे शॉक इतके तापले होते की बोट टेकवेना, आणि गाडी होडीसारखी डोलायला लागली होती. आतलं तेल तापून पातळ होतं, त्याला फेस येतो आणि शॉक स्प्रिंगला आवरू शकत नाही. माझे मोठ्या व्यासाचे मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉकही गरम झाले, पण पकड टिकली. पैसा एकाच ठिकाणी घालता येणार असेल तर तो चांगल्या शॉकमध्ये घाला, हे मी अगदी मनापासून सांगतो. आणि अशा रस्त्यावर टायरची हवा उतरवा. 34 वरून 24 पीएसआयवर आलो आणि तिन्ही गाड्यांचं थरथरणं निम्मं झालं.

दुसऱ्या दिवशी चाकोऱ्यांत चकत्यांवरच्या गाडीने जीव टांगणीला लावला. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं. पुढच्या अ‍ॅक्सल शाफ्टच्या रबरी बुटाच्या (आवरणाच्या) घड्या एकमेकींवर घासून फाटल्या होत्या आणि चिरेत वाळू शिरत होती. तीन इंचांमुळे शाफ्ट सतत तिरपा फिरत होता, चाक लोंबकळलं की आणखीच. स्ट्रट चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या आर्मच्या मध्येच कुठेतरी बसलेला असतो, म्हणून डोक्यावर 25 मिलिमीटरची चकती घातली की चाकापाशी उंची त्याहून बरीच जास्त वाढते. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला साधारण दोन इंचांवर थांबा. त्यापुढे जायचंच असेल तर वरचे आर्म बदलणं आणि डिफरन्शिअल खाली घेणं हे खर्च किटमध्येच धरा. आम्ही बूट प्लास्टिकच्या पिशवीने आणि चिकटपट्टीने गुंडाळला आणि उरलेली वाट फोर-व्हील काढून, हळूहळू पार केली.

चार इंचांची गाडी खडकांवर सगळ्यांत सहज चढली, यात वाद नाही. चाक लांबवर खाली जायचं, पकड सुटायची नाही. पण तिच्या मालकाने सोबतीला बरंच काही बदललं होतं: पुढच्या एक्सलचा कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) पूर्ववत करणारे आर्म, लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं सरकू न देणारी दांडी), लांब ब्रेक होज, खाली आणलेले बंप स्टॉप (एक्सल वर आदळू न देणारे रबरी ठोकळे). कॅस्टर कमी झाला की स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी भटकते. पॅनहार्ड रॉड तसाच ठेवला तर अख्खा एक्सल एका बाजूला सरकतो. आडव्या उतारावर मात्र ती गाडी ज्या तऱ्हेने कलली, ते बघून मी टपावरचं सामान खाली घेतलं. उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो.

माझ्या गाडीत एक गोष्ट निघायच्या आधीच सापडली. मागच्या एक्सलवरून एक पातळ दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हकडे जाते. मागे किती भार आहे ते त्या दांडीवरून व्हॉल्व्हला कळतं. लिफ्टनंतर एक्सल आणि चेसिसमधलं अंतर वाढलं, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटली आणि मागचे ब्रेक कमी लागू लागले. ब्रेक दाबला की नाक खाली जायचं, त्यावरून शंका आली. ब्रॅकेटची पट्टी लावून दांडी पूर्वीच्या कोनात आणली आणि तो दोष गेला. तिसऱ्या दिवशी नदीपात्रात उतरताना, ओल्या गोट्यांवर, त्या पट्टीची किंमत कळली. तुमच्या गाडीला असा व्हॉल्व्ह असेल तर किट बसवणाऱ्याला आधी विचारा.

बसवताना आणखी एका गोष्टीवर ठाम राहा. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. एका सोबत्याच्या गाडीचे बोल्ट वर्कशॉपमध्ये चाकं हवेत लोंबत असतानाच आवळले होते. बुश कायमचे पिळलेले राहिले आणि पहिल्याच दिवसापासून करकरायला लागले. त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा, दोन्ही करून घ्या. चाक पूर्ण खाली सोडून ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे डोळ्यांनी बघा. आणि तुमच्या भागात किती उंची वाढवायला परवानगी आहे, ते पैसे देण्याआधी तपासा.

आता मी टायर एक माप मोठे घेणार आहे, लिफ्ट आहे तेवढीच ठेवणार आहे. परतल्यावर टॉर्क रेंच घेऊन खाली शिरलो, तेव्हा मागचे पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टचे चार नट जवळपास पाव फेरा फिरले. नव्या किटवर पहिल्या 500 ते 1000 किलोमीटरमध्ये हे एकदा कराच.