मी कापत आलेली शांतता
गेली अठरा वर्षे मी इंदूरमध्ये व्हिडिओ संकलन करते. बोलणाऱ्याचे अडखळणे, घसा खाकरणे, लांबलेली शांतता काढून मुलाखत आटोपशीर करणे हे माझे रोजचे काम. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. तेवढ्यातही पापणी मिटते आहे की उघडते आहे हे पाहूनच मी कट घेते.

गेल्या वर्षी इथल्या हुकुमचंद कापड मिलवरील एक माहितीपट माझ्याकडे आला. डिसेंबर 1991 मध्ये बंद पडलेल्या या मिलच्या कामगारांच्या थकबाकीपोटी 224 कोटी रुपयांचा धनादेश 25 डिसेंबर 2023 रोजी देण्यात आला. मधल्या बत्तीस वर्षांविषयी बोलणारी वयस्कर माणसे मी महिनाभर पडद्यावर पाहत होते. माझे बाबाही तिथे साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते, हे दिग्दर्शकांना कळले आणि एक मुलाखत माझीच घ्यायची ठरली.

सुती साडीचा कडक पदर कॉलर माइकला घासत असल्याने चित्रीकरण दोनदा थांबले. मग पंखा बंद करून, सगळ्यांनी श्वास रोखून अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, घेतला. ‘रूम टोन विसरू नका’ असे मी फोनवरून नेहमी बजावत असते, पण त्या शांततेत स्वतः बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

बाबांविषयी पहिलाच प्रश्न आला. ‘त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी आले,’ एवढे बोलून मी थांबले. कॅमेरामन हळूच म्हणाला, ‘ताई, सावकाश.’ मिलच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणारे बाबा, ओट्यापाशी तो डबा तसाच रिकामा करणारी आई, हे सारे मी सांगते आहे असेच मला वाटत होते.

टाइमलाइनवर मात्र फक्त नऊ सेकंदांची शांतता होती आणि जमिनीकडे पाहणारी एक बाई.

त्याच रात्री मी कामगारांच्या मुलाखतींचे मूळ चित्रीकरण पुन्हा उघडले. खाकरणे मी आजही काढते, त्यात कुणाचे काही हरवत नाही. पण एका जॉबरकाकांनी (जॉबर म्हणजे मिलमधला मुकादम) थकबाकीचा आकडा सांगण्याआधी घेतलेले सहा सेकंद मी ‘गती राखण्यासाठी’ कापले होते, ते परत जोडले. असे आणखी अनेक ठिकाणी केले. माहितीपट साडेचार मिनिटांनी लांबला आणि दिग्दर्शकांनी ते मान्य केले. माझ्या नऊ सेकंदांना हात लावणे मला जमेना, म्हणून ती फाइल मी सहकाऱ्याकडे सोपवली.