निम्मं-निम्मं

दाराला बँकेची नोटीस चिकटवलेली असली की गिऱ्हाईक कुलूप उघडायच्या आधीच माघारी फिरतं. ती फाडायची नसते, झाकायचीही नसते. मी फोनवरच सांगून टाकतो, "घर कर्जात अडकलंय, कागद स्वच्छ आहेत." निम्मी माणसं तिथंच गळतात. उरलेल्यांतली बरीच जण 'लिलावात स्वस्त मिळेल' म्हणून टपून बसतात. दुसऱ्याच्या लिलावाची वाट बघत कोल्हापुरात राजारामपुरीत चहा पिणारी माणसं घरांच्या दलालीच्या 19 वर्षांत मी भरपूर पाहिली.

नागाळा पार्कच्या बाजूचा हा दोन बेडरूमचा फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर होता. नवरा-बायको म्हणायची आपली सवय. त्यांचा घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं होतं. तो गोकुळ शिरगावला फौंड्रीत सुपरवायझर, ती मेडिकल दुकानात कामाला. परस्पर संमतीनं वेगळे झालेले, पोटगीचा वादही नाही. वकिलांनी अटींचा कागद केला, त्यात घराबद्दल एकच ओळ: फ्लॅट विकून, कर्ज भागवून उरलेली रक्कम दोघांनी निम्मी-निम्मी घ्यावी. विकेपर्यंत हप्ता कुणी भरायचा, ते लिहिलंच नाही. अशी ओळ लिहिणाऱ्याला एकदा माझ्याबरोबर बँकेत बसवायला पाहिजे.

कोर्टातल्या त्या कागदाशी बँकेला काही देणंघेणं नसतं. कर्जाला दोघांच्या सह्या, म्हणजे सगळं कर्ज प्रत्येकाच्या डोक्यावर. हप्ते 90 दिवसांच्या वर थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग सरफेसी, म्हणजे तारण विकून कर्ज वसूल करायच्या कायद्याची 60 दिवसांची नोटीस, मग ताब्याची नोटीस, ती दारावर आणि दोन वर्तमानपत्रांत. "विकून भरतो की साहेब," असं माझ्याकडं येणारा प्रत्येक जण म्हणतो. पण 60 दिवसांची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकताच येत नाही. आणि 2016 च्या दुरुस्तीपासून, लिलावाची जाहिरात छापून आली की थकबाकी भरून घर सोडवायचा हक्क संपतो. लोक लिलावाच्या तारखेवर डोळा ठेवून बसतात आणि तोवर जाहिरात येऊन गेलेली असते.

ही दोघं ताब्याच्या नोटिशीनंतर माझ्याकडं आली. वेगवेगळी आली. "तिला तुम्हीच सांगा" आणि "त्यांना तुम्हीच विचारा" असं दोन महिने चाललं. संमतीपत्राला बँकेनं 11 दिवस लावले. साहेब ट्रेनिंगला गेले होते आणि सहीचा अधिकार बरोबर घेऊन गेले होते. तोवर मूल्यांकन करणारा माणूस येऊन फोटो काढून गेला. जाहिरातीचा मसुदा तयार आहे, हे मला तिथल्या शिपायानं सांगितलं. त्या शाखेत खरं बोलणारा तो एकटाच.

घेणारे गडहिंग्लजचे शिक्षक जोडपं. किंमत विचारायच्या आधी त्यांनी "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" हे विचारलं. मी पार्किंगच्या भिंतीवर नव्या रंगाखाली अजून दिसणारी रेघ दाखवली. लपवून काय उपयोग, पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा आख्खं गाव मोबाईलवर आकडे बघत असतं. 42 लाखांना ठरलं.

खरा घोळ पुढं. घेणाऱ्याची बँक म्हणते, मूळ कागद मिळाल्याशिवाय पैसे सोडणार नाही. जुनी बँक म्हणते, पैसे आल्याशिवाय कागद देणार नाही. इथं व्यवहार मोडतात. मी जुन्या बँकेकडून दोन पत्रं घेतली. एकात कर्ज बंद करायची रक्कम, पुढच्या प्रत्येक दिवसाच्या व्याजासकट. दुसऱ्यात, पैसे जमा होताच मूळ कागद थेट नव्या बँकेच्या हातात देऊ, अशी हमी. डीडी जुन्या बँकेच्या नावानं, त्यावर कर्जखात्याचा नंबर. एवढं जुळवायला स्कूटरवरून सहा फेऱ्या झाल्या.

खरेदीखताला दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं होतं. कायद्यात ते चालतं. पण सकाळी नोंदणी कार्यालयाचा सर्व्हर बंद, तो सुरू होईपर्यंत दीड वाजला आणि दोघं एकाच बाकावर आली. तो झेरॉक्स आणायला खाली गेला तेव्हा तिनं पर्समधून पासबुक काढलं.

"काका, घटस्फोटानंतरचे 11 हप्ते मी एकटीनं भरलेत. तेहतीस हजारांचे. नंतर जमलं नाही म्हणून थकलं. ते कुठंच धरणार नाही व्हय?"

माझ्या बगलेत डीडीची झेरॉक्स होती. जाहिरात शुक्रवारी जाणार होती आणि तो बुधवार. हा विषय त्या बाकावर निघाला असता तर तो उठून गेला असता, असं मला वाटलं.

"आधी सही होऊ दे, ताई," मी म्हणालो.

तिनं पासबुक आत ठेवलं. फोटो झाला, अंगठा झाला. 42 लाखांतून बँकेचे 33 लाख 18 हजार गेले, माझी एक टक्का दलाली 42 हजार गेली. उरले 8 लाख 40 हजार. चार-वीस त्याला, चार-वीस तिला. 3 लाख 63 हजारांचे हप्ते कशातच धरले नाहीत. घर वाचलं नाही तरी लिलाव टळला, एवढ्या समाधानात मी त्या रात्री झोपलो सुद्धा.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. खातं बंद झालंय, बँक कर्जखात्याचा उतारा द्यायला अर्ज आणि चार दिवस मागते, तुमच्या फाईलीत आहे का? होता. पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन.

"तिथंच बोलला असता तर तिच्या हप्त्यांचे पैसे मी सोडले असते, काका."

सोडले असते का? त्या दिवशी झेरॉक्सचे 180 रुपये झाले होते. त्यातले 90 त्यानं बाकावर बसल्या बसल्या तिच्याकडून मागून घेतले होते.