प्रोसिडिंग बुकातली आईची सही

दिवाळीला गावी गेले होते तेव्हा विषय निघाला, आपल्या वस्तीवर सौर दिवे मंजूर झालेत म्हणतात, मग लागले कुठं? आई म्हणाली झाले असतील मंजूर, मी कुठं ग्रामसभेला गेले होते. पण सही मात्र केली होती तिनं. पंचायतीचा शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायचं रजिस्टर, घेऊन दारात आला, काकू कोरम भरंना झालाय एवढी एक सही द्या म्हणाला, आईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि केली सही. पानावर काय लिहिलं होतं विचारलं तर म्हणाली, वर तारीख होती, खाली लोकांच्या सह्या, मधलं सगळं कोरं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण त्या कोऱ्या जागेत नंतर जे काही लिहिलं गेलं त्याला माझ्या आईची संमती आहे असंच कागद बोलणार.

खरं तर ग्रामसभेचा कोरम म्हणजे गावातल्या एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी तो. तेवढी माणसं नाही जमली तर सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला परत कोरम लागत नाही, म्हणजे दारोदार सह्या गोळा करत फिरायची गरजच नाही. तरी किती गावांत रजिस्टर असं फिरतं ते गावाकडच्या माणसाला मी सांगायला नको.

मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, आपल्या राज्यात तसा नियम आहे. त्या सभेचं इतिवृत्त, हजेरीच्या सह्यांचं पान, दिव्यांचं अंदाजपत्रक, बिल आणि झालेल्या कामाची मोजणी लिहितात ते मोजमाप पुस्तक एवढंच मागितलं. कशाला पाहिजे ते लिहिलं नाही, कारण कायद्यात तसं कारण द्यावंच लागत नाही आणि कोणी विचारलं तरी सांगायचं बंधन नाही. मुदत 30 दिवस. एकतिसाव्या दिवशी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, तेव्हा कुठं उत्तर आलं की बिल देऊ पण सह्यांचं पान ही इतर लोकांची वैयक्तिक माहिती आहे, देता येणार नाही.

हे वाचून मी रागानं थरथरत होते. ग्रामसभा ही उघड्यावर, सगळ्या गावासमोर व्हायची सभा, तिथं कोण हजर होतं हे खाजगी कसं काय? आणि हे कारण आता जास्त ऐकू येणार अशी मला भीती वाटते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मध्ये, जिथं कुठली माहिती नाकारता येते ते सांगितलंय, वैयक्तिक माहितीच्या मुद्द्याखाली आधी एक वाक्य होतं, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याच व्यक्तीला नाकारता येणार नाही. किती मोठं वाक्य आहे बघा, आमदार-खासदार आणि माझी आई एका ओळीत! 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते काढून टाकलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो बदल लागूही झाला. ज्या महाराष्ट्रात केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा आला, अण्णा हजारे त्यासाठी 2003 मध्ये आझाद मैदानात उपोषणाला बसले, तिथं याच्यावर चौकाचौकात बोललं जायला पाहिजे होतं. कलम 8(2) मात्र अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलाच्या सुनावणीत मी तेच धरून बसले. अपील ऐकणाऱ्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि प्रत नाही पण अवलोकन करू द्या असा आदेश दिला.

अवलोकन म्हणजे समोर बसून मूळ कागद बघायचा, पहिला तास फुकट. मला तर आता वाटतं झेरॉक्सपेक्षा हेच भारी. (राज्य सरकारचं 2018 चं परिपत्रकही आहे, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 ऑफिसात जाऊन रेकॉर्ड बघू द्यायचं म्हणून. विचारत जा तिथं.) झेरॉक्समध्ये मला जे दिसलं नसतं ते मूळ पानावर दिसलं. ठराव मोठ्या मोकळ्या अक्षरात सुरू होतो, मग जागा संपत आली तशी अक्षरं बारीक बारीक होत जातात, शेवटच्या दोन ओळी तर सह्यांच्या वरच्या रेघेला टेकल्यात, एक वेलांटी कुणाच्या तरी सहीवरून गेलीय. शाई निळी, सह्या काळ्या. आईची सही त्यात तिसरी. बिलात दिवे चौदा, गावात उभे नऊ, तेही मी एकेका खांबाखाली जाऊन मोजले.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव तुम्हाला माहीतच असेल, आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणणारं. तिथं सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय निर्णय होत नाही. आमच्याकडं तसं व्हायला वेळ लागेल. पाच दिव्यांची तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडं दिलीय, अजून चौकशी सुरू आहे.

26 जानेवारीच्या सभेला आई स्वतः गेली. रजिस्टर पुढं आलं तसं म्हणाली, भाऊसाहेब, आधी ठराव लिवा, मोठ्यानं वाचा, मग सही. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग शेजारच्या आत्यांनीही पेन खाली ठेवला. पाऊण तास लागला सगळं लिहून वाचून व्हायला, सगळ्या बायका तशाच बसून होत्या, आणि मग आईनं शेवटच्या ओळीच्या अगदी खाली, मधे बोटभरही जागा न सोडता सही केली.