झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून वाफेचं इंजिन: माझा अनुभव

मला उभं, एका सिलिंडरचं, स्लाइड व्हॉल्व्हवालं छोटं वाफेचं इंजिन करायचं होतं, बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास) पाऊण इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल) पण पाऊण इंच, आणि त्यासाठी हाताशी होती फक्त तीन पानं, कुठल्यातरी जुन्या विलायती ड्रॉइंगच्या झेरॉक्सची झेरॉक्स. तिसऱ्या पानाची उजवी कड कापलेली. कुणी काढलं, कधी काढलं, काही लिहिलेलं नाही. सगळी मापं इंचाच्या अपूर्णांकात, आणि काही ठिकाणी शाई अशी पसरलेली की ३/१६ आहे का ५/१६ हे भिंगातून बघूनही कळेना.

बरेच जण सांगतात की पहिलं इंजिन ऑसिलेटिंग करावं, त्यात सिलिंडरच डोलतो आणि तोच व्हॉल्व्हचं काम करतो, पार्ट कमी, भानगडी कमी. सल्ला बरोबरच आहे. पण मला तो डी आकाराचा सरकता व्हॉल्व्ह, म्हणजेच स्लाइड व्हॉल्व्ह, स्वतः करून बघायचा होता, १७९९ सालचं विल्यम मर्डॉकचं पेटंट आहे ते, आणि नंतर शंभर-सव्वाशे वर्षं अर्ध्या जगाची इंजिनं त्यावर चालली. एवढा साधा तुकडा पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ कशी देतो हे वाचून डोक्यात शिरत नव्हतं.

आधी स्केलचं. पानावर जिथे एक इंच लिहिलंय ती रेघ मोजली तर २५.४ मिमीच्या बरीच खाली, आणि आडव्या रेघा वेगळ्या प्रमाणात बारीक झालेल्या, उभ्या वेगळ्या. म्हणजे पट्टी लावून माप काढायचं नाही, हे ठरलं. पण एक उपयोग झाला. जिथे आकडा स्पष्ट आहे तिथली रेघ मोजायची, त्यावरून आडवं आणि उभं असे दोन गुणक काढायचे, आणि मग जिथे ३/१६ का ५/१६ असा वाद आहे तिथे दोनातलं कुठलं जवळ येतं एवढंच बघायचं. नवीन माप म्हणून ते वापरायचं नाही, फक्त वाद मिटवणारा पंच म्हणून. ड्रिलच्या नंबरांचं त्याहून सोपं निघालं, एका भोकाजवळ ३४ आहे का ८४ ते कळत नव्हतं पण नेहमीचे नंबर ड्रिल ८० वरच संपतात, त्यामुळे ३४, म्हणजे २.८२ मिमी, सहा नंबर बीएच्या (जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांच्या) स्क्रूला मोकळं भोक.

बीए आटे इकडे कुठे शोधणार? कोल्हापुरात उद्यमनगरात काय मिळत नाही असं म्हणतात, पण बीएचे टॅप विचारले की दुकानदार आपल्याकडेच बघत बसतो. सगळं मेट्रिक करून टाकलं, सहा बीएच्या जागी एम ३, आठ बीएच्या जागी एम २. सहा बीए २.८ मिमीचा असतो, एम ३ थोडा जाडा, त्यामुळे मोकळी भोकं ३.२ ची केली, आणि फ्लँजच्या कडेला भिंत किती उरते ते प्रत्येक ठिकाणी तपासावं लागलं. बाकी फरक पडत नाही.

खरी गोची सिलिंडरच्या लांबीत होती. ड्रॉइंगवर लांबी एक इंच आणि एक सूत, म्हणजे १ १/८. (आमचे लेथवाले मामा अजून सुतातच बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच, बोअर सहा सूत, हे इंजिन त्यांना लगेच समजलं, मला मिमीत करून घ्यावं लागलं.) आता हिशेब बघा. स्ट्रोक २४ बत्तिसांश, पिस्टनची जाडी ५/१६ म्हणजे १० बत्तिसांश, दोन्ही टोकांना एकेक बत्तिसांश मोकळी जागा. बेरीज ३६ बत्तिसांश, म्हणजे बरोबर १ १/८. छान. पण दोन्ही कव्हरना आत शिरणारी गोल बॉसं दाखवलेली, प्रत्येकी १/१६ उंच, म्हणजे अजून ४ बत्तिसांश, ती कुणी धरलीच नाहीत! तसं केलं तर पिस्टन दोन्हीकडे कव्हरवर आपटणार, तेही जवळपास पाऊण मिमीने. मामांना दाखवलं तर म्हणाले, "अरे, ज्यानं काढलं त्यानं हे बनवलेलं न्हाई, नुसतं काढलंय." मला ते पटलं नाही, बनवणाऱ्याने फाइलने घासून बसवलं असेल आणि कागदावर दुरुस्त करायचं राहिलं असेल. पण ते काही असो.

इथे दोन रस्ते होते. सिलिंडर लांब करायचा, म्हणजे पोर्ट (वाफेच्या ये-जा करायच्या वाटा), व्हॉल्व्ह चेस्ट (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती पेटी), खांबाची उंची सगळं बदलणार. नाहीतर पिस्टन आणि बॉस कमी करायचे. पिस्टन ८ बत्तिसांश केला, म्हणजे पाव इंच, आणि बॉस १/३२ केलं. २४ आणि ८ आणि २ आणि २, ३६. सिलिंडर जसाच्या तसा. पाव इंचात ग्रॅफाइटच्या दोरीसाठी खाच बसते, अडचण नाही. बॉसचं काम कव्हर मध्यावर आणायचं, त्याला ०.८ मिमी पुरे होतं, फक्त जिथून वाफ आत येते तिथे बॉसला फाइलने कट द्यायला लागतो नाहीतर ते भोक झाकलं जातं. हा कट ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हता.

यानंतर माझी पद्धतच बदलली. काढणाऱ्याला काय म्हणायचंय हा प्रश्न सोडून दिला, आणि हा पार्ट काय करतो, त्यासाठी माप किती असायला पाहिजे ते आधी काढायचं, मग कागदाशी जुळतंय का बघायचं, असं सुरू केलं. सगळ्यात जास्त उपयोग झाला एक्सेंट्रिकला, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, भोक मध्यापासून सरकवलेल्या चकतीला. तिथे नुसतं थ्रो ३/१६ लिहिलेलं. आता थ्रो म्हणजे काही जण मध्यापासूनचं अंतर धरतात आणि काही जण व्हॉल्व्हची पूर्ण ये-जा, आणि दोघांत दुप्पटीचा फरक. पार्ट करायच्या आधीच ठरवायला पाहिजे.

ग्राफपेपरवर पोर्ट दहापट मोठे काढले. मधला एक्झॉस्ट ५/३२, दोन्हीकडे ५/६४ ची भिंत, त्याच्या बाहेर ५/६४ चे वाफेचे पोर्ट. व्हॉल्व्ह अर्धा इंच लांब. जाड पुठ्ठ्याचा व्हॉल्व्ह कापला आणि त्या ग्राफवर सरकवत बसलो, घरचे बघून हसत होते. मध्यावर ठेवला की पोर्टच्या बाहेर दोन्हीकडे १/६४ जास्त येतो, हा लॅप. आता ३/१६ हे मध्यापासूनचं अंतर धरून पुठ्ठा सरकवला तर व्हॉल्व्हची मागची कड एक्झॉस्टच्या पोर्टवर येते आणि चेस्टमधली ताजी वाफ सरळ बाहेर, काम न करताच. म्हणजे हे शक्य नाही. अर्धं धरलं, ३/३२, तर वाफेचा पोर्ट नेमका पूर्ण उघडतो, एक सूतभर... सूत कुठलं, केसभरही कमी नाही जास्त नाही. पोर्ट ५/६४ आणि लॅप १/६४, बेरीज ६/६४, तेच ३/३२. एवढं चपखल बसल्यावर शंका राहिली नाही, ३/१६ ही पूर्ण ये-जा आहे आणि एक्सेंट्रिकचं भोक मध्यापासून २.३८ मिमी सरकवायचं. त्या दिवशी ड्रॉइंग काढणाऱ्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला, कारण व्हॉल्व्हचं गणित त्याचं पक्कं होतं.

बेड प्लेट दुसऱ्या पानावर, आणि तिथे व्ह्यू उलटे. आपल्याकडे आयटीआय-डिप्लोमाला फर्स्ट अँगल शिकवतात (डाव्या बाजूचं दृश्य उजवीकडे काढायचं, थर्ड अँगलमध्ये डावीकडेच), जुनी ब्रिटिश ड्रॉइंगं पण बहुतेक तशीच, त्यामुळे डोळा तसंच वाचतो. पहिलं पान तसं वाचून बरोबर येत होतं. बेड प्लेट तशी वाचली तर खांबाची भोकं अशी पडतात की व्हॉल्व्हचा रॉड एका बाजूला आणि एक्सेंट्रिक दुसऱ्या बाजूला, मध्ये बेअरिंग. ते एका रेषेत असल्याशिवाय इंजिन चालूच शकत नाही. म्हणून ते पान थर्ड अँगलचं धरलं, बहुतेक दुसरीकडून उतरवून जोडलेलं असणार. खांबाची उंची कापलेल्या कडेत गेलेली, ती बेरजेने काढली, क्रँकच्या मध्यापासून कनेक्टिंग रॉड, क्रॉसहेड (दोन्ही रॉड जोडणारा सरकता तुकडा), पिस्टन रॉड असं चढत, आणि वर खाली करायला शिम (पातळ पट्ट्या) ठेवायची सोय केली.

प्रत्यक्ष काम यामानाने सरळ झालं. सिलिंडर फाउंड्रीतल्या गनमेटलच्या उरलेल्या तुकड्यातून, फोर-जॉ चकमध्ये धरून, बोरिंग बार हळूहळू घालत १९ मिमी. फ्लायव्हीलला बिडाचा गोळा मिळाला, त्याची वरची साल फार कडक असते, बारीक कट घेत बसलं तर टूलची धार जाते, पहिलाच कट सालीच्या आतून घ्यायचा. हे मामांनी न विचारता सांगितलं. भीती होती ती पोर्टपासून सिलिंडरच्या टोकापर्यंत तिरक्या भोकांची. ड्रॉइंगमध्ये नुसत्या तुटक रेघा, कोन नाही, आणि जरा चुकलं तर भोक बोअरमध्ये मध्येच फुटणार. पुन्हा ग्राफपेपर, दहापट, त्यावरून कोन मोजला, त्या कोनाची सागवानाची पाचर करून घेतली आणि सिलिंडर तिच्यावर टेकवून ड्रिल केलं. दर दोन मिमीला ड्रिल वर काढून बुरादा साफ. दीड मिमीचं ड्रिल गनमेटलमध्ये अडकून तुटलं की ते काढायचा उपाय माझ्याकडे तरी नाही.

जोडणी करताना पिस्टन मध्यावर आणायची युक्ती कामाला आली. कनेक्टिंग रॉड सोडायचा, पिस्टन हाताने खाली टेकवून रॉडवर खूण, वर टेकवून खूण, मग क्रँक जोडून फिरवल्यावर दोन्ही खुणांपासून सारखं अंतर राहील असा रॉड क्रॉसहेडमध्ये फिरवून लॉकनट आवळायचा. एक्सेंट्रिकच्या सेटिंगला कागदावर फक्त चित्राप्रमाणे बसवा असं लिहिलेलं आणि चित्रात फिरण्याची दिशाच नाही. पण त्याची गरज पण नाही, कारण एक्सेंट्रिक क्रँकच्या नव्वद अंशाहून थोडा पुढे पाहिजे, आणि पुढे म्हणजे आपण ज्या दिशेला फिरवणार त्या दिशेला. माझ्या लॅपला हिशेबाने जवळपास दहा अंश येतात, मी जरा जास्तच दिला. व्हॉल्व्ह चेस्टचं झाकण काढून, क्रँक वरच्या टोकाला ठेवून पोर्ट नुसता उघडायला लागलेला दिसला की ग्रबस्क्रू आवळला.

पहिल्यांदा हवेवर, छोट्या कॉम्प्रेसरने. दहा पीएसआयला काही नाही, बोटाने फ्लायव्हीलला धक्का दिला तर दोन फेरे मारून बंद. ग्लँड (रॉडभोवती वाफ अडवणारी आवळणी) फार आवळलेली होती. अर्धा फेरा ढिली केली, तेल घातलं, आणि मग जे सुटलं ते कॉम्प्रेसरची टाकी रिकामी होईपर्यंत. मामा शेडमधून आले, थोडा वेळ बघितलं, म्हणाले, "बेअरिंग घासतंय डाव्या बाजूचं, आवाज ऐक." बरोबर होतं.

बॉयलर मी अशा अर्धवट ड्रॉइंगवरून केला नाही आणि कुणी करू नये, कुकरला नळी जोडायचा उद्योग तर नकोच. इंजिन चुकलं तर चालत नाही एवढंच, बॉयलर चुकला तर फुटतो. सिल्व्हर ब्रेझिंगचं काम नेहमी करणाऱ्याकडून तांब्याचा छोटा करून घेतला, पूर्ण पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या दुप्पट टेस्ट आधी समोर करून घेतली, कारण पाणी दाबलं जात नाही, गळलं तर नुसतं गळतं. वाफेवर इंजिन हवेपेक्षा वेगळं वागतं. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, सुरुवातीला पिचकारी उडते, हाताने फिरवत गरम करावं लागतं, आणि हवेवर न दिसलेली प्रत्येक गळती दिसते. माझी चेस्टच्या गॅस्केटमधून निघाली. लुब्रिकेटर पण कागदावर नव्हता, तो नंतर वेगळा बसवला.

आता सगळी पानं मिमीत नव्याने काढतोय, प्रत्येक पानावर फर्स्ट अँगलची खूण करून. एकच माप अजून नक्की नाही, खांबाची उंची, कारण माझ्याकडे तिथे शिम आहेत आणि दुसऱ्या कुणाच्या सिलिंडरला ती तेवढीच लागतील असं नाही, त्यामुळे तिथे आकडा न घालता जोडून बघून ठरवा असं लिहिलंय.