लेकरं यायच्या आधीचे आठ दिवस

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शाळेच्या फाटकातून आत आले की आमचे शिपाई मामा दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : "मॅडम, लेकरं तर अजून आली न्हाईत, तुम्ही कामून आलात?" हाच प्रश्न सहकारी शिक्षक वेगळ्या शब्दांत विचारतात आणि माझ्या जाऊबाई तर जरा टोचूनच विचारतात, कारण बीड जिल्ह्यातल्या त्या उन्हात, एक टेबल आणि दोन खुर्च्या असलेल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठ दिवस आवरण्यासारखे असते तरी काय, हे त्यांना उमगत नाही. मामांना मी आजवर हसून टाळत आले. आता तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा नीट लिहिते.

मी समुपदेशक असलेली शाळा पाचवी ते बारावीपर्यंतची, तालुक्याच्या गावातली आहे. मला मिळालेली खोली पूर्वी खेळाचे साहित्य ठेवण्याची होती आणि तिच्यावर पत्रे आहेत. सुट्टीत ती रिकामीच आहे असे सर्वांना वाटत असल्यामुळे जूनमध्ये दार उघडले की मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि कोणाच्या तरी निरोप समारंभाचा फलक माझी वाट पाहत असतात. ते बाहेर काढण्यात दोन दिवस जातात. उरलेले सहा दिवस जातात ते एका गोष्टीची तजवीज करण्यात : या खोलीत कोण आले, कशासाठी आले आणि काय बोलले, हे बाहेर कळता कामा नये.

हे मला पहिल्या वर्षी समजलेले नव्हते. तेव्हा मी फुलाफुलांचे पडदे शिवून घेतले होते, भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता लावला होता, आणि एके दिवशी नोंदवही टेबलावर तशीच ठेवून प्रार्थनेला गेले होते. त्या वहीत नववीतल्या एका मुलीचे नाव आणि तिच्या वडिलांच्या दारूबद्दल तिने सांगितलेले सारे सरळ लिहिलेले होते. ते कोणी वाचले हे मला आजही ठाऊक नाही, पण चौथ्या दिवशी तिची आई फाटकाशी भेटली आणि एवढेच म्हणाली, "बाई, आमच्या घरचं तुम्हाला कामून लागतंय?" ती मुलगी नंतर माझ्या खोलीकडे फिरकली नाही. दोष सर्वस्वी माझा होता.

आता नोंदवहीत नावांऐवजी क्रमांक असतात, कोणता क्रमांक कोणाचा हे सांगणारी छोटी वही दुसऱ्या कपाटात असते, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ राहतात. मेच्या धुळीने कुलपे आखडतात, म्हणून त्यांना तेल घालणे हे जूनमधले माझे पहिले काम असते.

दुसरे काम दाराचे. खोलीला दोन दारे आहेत. एक मुख्याध्यापकांच्या कार्यालयासमोर उघडते, दुसरे ग्रंथालयाच्या व्हरांड्यात. पहिल्या दारासमोर मी कपाट उभे केले आहे, कारण ग्रंथालयाकडे जाणाऱ्या मुलाला कोठे चाललास असे कोणी विचारत नाही. बाहेर पूर्वी 'समुपदेशन कक्ष' अशी ठळक पाटी होती आणि मुलांनी तिच्यावरून खोलीला 'येड्याची खोली' असे नाव पाडले होते. पाटी काढायला मुख्याध्यापक तयार नव्हते, कारण तपासणीला अधिकारी आले की कक्ष दाखवावा लागतो. अखेर पाटी दाराच्या आतल्या बाजूला लावायची, अशी तडजोड झाली. 'मनातले बोला' असे लिहिलेली पेटीही मी एक वर्ष कार्यालयाजवळ टांगली होती. वर्षभरात तिच्यात एकच चिठ्ठी आली : 'सातवी ब चा पंखा दुरुस्त करा.' पंखा मी दुरुस्त करून घेतला आणि पेटी काढून ठेवली.

मुलाला खोलीत येण्यासाठी असे कारण लागते, जे वर्गात उभे राहून मोठ्याने सांगता येईल. म्हणून मी खोलीत माठ ठेवते. आमच्या भागात पाणी प्यायला जाऊ का, हा प्रश्न कोणालाही संशयास्पद वाटत नाही, आणि उन्हाळ्यात कोरडा पडलेला माठ दोन-तीन दिवस भरून ठेवला तरच त्यातले पाणी गार होते, त्यामुळे हेही काम आधीच करावे लागते. मुलींसाठी टेबलाच्या खणात सॅनिटरी पॅड असतात. पॅड न्यायला आलेली मुलगी कधी कधी पॅड घेऊनही उभीच राहते, तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवते.

बसण्याच्या व्यवस्थेत मी दरवर्षी काही ना काही बदलते. टेबल भिंतीला लावलेले असते. दोन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या असतात आणि त्या समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवते, म्हणजे मुलाला माझ्या डोळ्यांत न पाहताही बोलता येते. त्याची खुर्ची दाराच्या बाजूला असते, कारण उठून जावेसे वाटले तर त्याला मला ओलांडावे लागू नये. घड्याळ मी त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर लावते, कारण मी मनगटाकडे एकदा जरी पाहिले तरी मूल बोलणे आवरते घेते. चेहऱ्यांचा तक्ता मात्र मी कधीच उतरवला. तेरा वर्षांच्या मुलाला 'यातला आज तुझा चेहरा कोणता' असे विचारताना मला स्वतःलाच लाज वाटू लागली होती.

गुपित राखण्याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा मुलाला आधी कळणे हाही या तयारीचाच भाग आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते त्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. म्हणून दरवर्षी मी भिंतीवरची अक्षरे नव्याने रंगवते : 'इथलं बोलणं इथंच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्यावर कोणी अत्याचार करत असेल, तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल. ते आधी तुला सांगेन.' हे वाचून मुले बोलायची थांबतील, असे मला एकदा सुचवण्यात आले होते. थांबतीलही, पण विश्वास टाकून बोलल्यानंतर ही अट कळलेले मूल पुन्हा कोणाशीच बोलत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याच भिंतीवर चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. ते बदलत नाहीत. बदलतात ते माणसांचे. बदल्या बहुधा मे महिन्यात होतात, त्यामुळे पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय आणि आसपासच्या गावांचे ग्रामसेवक यांचे माझ्या यादीतले निम्मे क्रमांक जूनमध्ये निरुपयोगी झालेले असतात आणि एकेक फोन लावून ती यादी पुन्हा करावी लागते.

ग्रामसेवक कशासाठी, तर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी त्यांच्याकडे असते. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आमच्याकडे लग्नांची धांदल असते, आणि २००६ च्या कायद्याने मुलीचे वय १८ हवे असले तरी नववीतली एखादी मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत संसाराला लागलेली असते. म्हणून मी लिपिकांकडून दाखल्यांची नोंदवही मागून घेते आणि मेमध्ये कोणाचा दाखला कोणी नेला, कारण काय लिहिले, हे वाचत बसते. 'स्थलांतर' या एका शब्दाखाली काय काय दडलेले असते! दाखला नेलेला नसूनही जी पहिल्या आठवड्यात वर्गात दिसत नाही, तिचे नाव मी वेगळे लिहिते आणि मैत्रिणींकडे चौकशी करते.

ऊसतोडीची मुले ही दुसरी यादी. आईवडील बहुधा दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात, तेव्हा मागे आजीजवळ राहिलेले लेकरू वर्गात गप्प बसू लागते आणि मग ते माझ्याकडे पाठवले जाते. परंतु तोवर उशीर झालेला असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतली जाते. घरातली मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला सोबत न्यायची की शाळेत ठेवायची, याची बोलणीही त्याच सुमारास होतात. त्यामुळे हंगामी वसतिगृहाची किंवा आजीजवळ राहण्याची गोष्ट पालकांशी बोलायची असेल तर ती जून-जुलैमध्येच बोलावी लागते. अकरावीत येणाऱ्या, शिकायला लातूरला न जाऊ शकल्यामुळे खट्टू झालेल्या मुलांचा विचार मी ऑगस्टवर ढकलते. त्यांचे दुःख खरे असते, पण ते थोडे थांबू शकते.

शेवटच्या दिवशी, मुले यायच्या आदल्या संध्याकाळी, मी मामांना व्हरांड्यात खिडकीशी उभे करते आणि आत बसून नेहमीच्या आवाजात बोलते. पत्र्यावर पाऊस वाजत असला की आतला शब्द बाहेर जात नाही, म्हणून ज्या पत्र्यांबद्दल मी अनेक अर्ज केले त्यांच्यावरचा माझा राग अलीकडे निवळला आहे; पण आमच्याकडे पाऊस तरी किती दिवस पडणार! वीज गेली की पंख्याचा आवाजही नसतो, म्हणून ही परीक्षा पंखा बंद करूनच घ्यायची. गेल्या वर्षी मी काहीबाही बोलले, बाजारभाव, गावच्या यात्रेची तारीख, आणि मग मामांना काय ऐकू आले ते विचारले.

"शब्द न्हाई कळत, मॅडम," ते म्हणाले, "पण बाईमाणूस बोलतंय, हे कळतंय."

मी खिडकीचे खालचे झडप लावले, दोन्ही खुर्च्या पलीकडच्या कोपऱ्यात ओढल्या आणि मामांना पुन्हा उभे राहायला सांगितले.